सुट्टीला आलेली सून

मे महिना लागला की रत्नागिरीत दोन गोष्टी वाढतात. आंब्याच्या पेट्या आणि माणसं. मुंबईचे चाकरमानी येतात, पुण्याचे येतात, आणि आमच्या मोहल्ल्यात दुबई, दोहा, कुवेतवाले येतात. वर्षभर कुलूप असलेल्या घरांची दारं उघडतात. विहिरीवर पंप सुरू होतात. अंगणात अत्तराचा वास येतो आणि सुक्या मासळीचाही. रिक्षावाले भाव वाढवतात, ते वेगळंच.

बाहेरगावी राहणाऱ्या माणसाची सुट्टी ही साधी गोष्ट नसते. वर्षाचे अकरा महिने ज्या घराची तो आठवण काढतो, त्या घराला तो तीस दिवसांत पुरा पडू शकत नाही. त्यातून बरोबर बायको असेल, आणि तीही परक्या मुलखातली, तर त्या तीस दिवसांचं काय होतं, हे आम्ही मागच्या वर्षी आमच्या घरात पाहिलं. त्याबद्दल आज बोलायचं आहे. नावं घेत नाही. गाव लहान आहे.

माझ्या भावाचा मुलगा दोह्याला असतो. तिथल्या एका इस्पितळात नर्स असलेल्या मुलीशी त्यानं लग्न केलं. मुलगी फिलिपिन्सची. मनिलाच्या दक्षिणेला बातांगास नावाचा समुद्रकाठचा भाग आहे, तिथली. वडील मासेमारी करणारे. धर्मानं कॅथलिक. लग्न तिकडेच नोंदवलं आणि मग घरी कळवलं. माझा भाऊ मुंबईत असतो. त्यानं फोन ठेवून दिला आणि पुढे आठ महिने मुलाशी बोलला नाही. रत्नागिरीचं घर अम्मीचं आहे. अम्मी ऐंशीची. मी तिच्याजवळ राहते. पोरानं अम्मीला फोन केला, ‘दादी, आम्ही मेमध्ये येऊ काय?’ अम्मी म्हणाली, ‘घर काय माझ्या एकटीचं हाय? ये.’

मोहल्ल्यात पहिला प्रश्न अर्थातच एकच होता. कलमा पढली काय? खरं तर किताबी स्त्रीशी, म्हणजे ज्यू किंवा ख्रिस्ती स्त्रीशी निकाहाची मुभा कुराणातच आहे. त्याच्या अटींवर आलिम लोक चर्चा करोत. पण विचारणाऱ्या बायकांना फिकहशास्त्रात रस नव्हता. त्यांना अम्मीचा चेहरा बघायचा होता. अम्मीनं विचारणारीला पानाचा डबा पुढे केला आणि म्हणाली, ‘ती आली की तिलाच विचार. तिला तुजी बोली येत नाय आणि तुला तिची येत नाय. बगू काय उत्तर मिळतं.’

ती आली. बारीक, सावळी, केस घट्ट बांधलेले. उंबऱ्यात चपला काढल्या. त्या काढायच्या हे तिला कुणी सांगावं लागलं नाही, कारण त्यांच्याकडेही काढतात. अम्मी पलंगावर बसली होती. पोरगी पुढे गेली, वाकली, अम्मीचा हात हातात घेतला आणि त्याची मागची बाजू आपल्या कपाळाला लावली. फिलिपिन्समध्ये वडीलधाऱ्यांना असंच भेटतात. ‘मानो’ म्हणतात त्याला. आपल्याकडे हाताचं चुंबन घेऊन तो डोळ्यांना लावणारी म्हातारी माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. आता ती रीत गेली. अम्मीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही.

परदेशी माणूस ज्याच्या घरी उतरतो, त्या घरमालकानं चोवीस तासांच्या आत एक कागद भरायचा असतो, तेव्हा त्याला फॉर्म सी म्हणत, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसतं. हॉटेललाच नव्हे, घरालाही तो नियम लागू आहे. तो हल्ली इंटरनेटवर भरतात. मी भरायला बसले. भेटीचं कारण काय? किती दिवस राहणार? इथून पुढे कुठे जाणार? कवयित्रीच्या हातात असले प्रश्न देऊ नयेत. सासरी आलेल्या मुलीबद्दल ‘किती दिवस राहणार’ हे सरकारदरबारी आकड्यात लिहायचं, ते मी लिहिलं, 24 दिवस. पुढचा मुक्काम, बातांगास.

आता स्वयंपाकघर. मला वाटलं होतं पोरगी भातावर दूध घेऊन जेवेल. तिनं शिंक्यातल्या सुक्या बांगड्याचा वास घेतला आणि डोळे मिटले. त्यांच्याकडे सुक्या खारवलेल्या मासळीला ‘तुयो’ म्हणतात आणि सकाळी भाताबरोबर खातात. परसात आमच्याकडे बिंबलाचं झाड आहे. खोडालाच लगडणारी ती आंबट हिरवी फळं. हल्ली शहरात कुणाला दाखवली तर ओळखत नाहीत. ही धावत गेली. ‘कामियास!’ म्हणाली. त्यांची ‘सिनिगांग’ नावाची आंबट आमटी असते, तिला चिंच नाहीतर हे बिंबल घालतात. नारळ, फणस, काजू, सगळं त्यांच्याकडे आहे. काजूला ते ‘कासोय’ म्हणतात. काजू ब्राझीलहून आला, पोर्तुगीजांनी आणला, आणि आपण तो कोकणचा म्हणून विकतो. हापूसचं तर नावच पोर्तुगीज. कलम करायची कला त्यांच्याकडूनच इथे रुजली आणि 2018 साली त्याच हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, आमचा म्हणून. मला यात काही वावगं वाटत नाही. पाहुणा किती पिढ्यांनी घरचा होतो, एवढाच प्रश्न आहे, आणि झाडं तो माणसांपेक्षा लवकर सोडवतात.

पण अम्मीला जिंकलं ते सांदणानं. आमच्या कोकणी मुसलमानांच्या घरी ईदेला, लग्नाला सांदणं होतात. तांदूळ भिजवायचा, वाटायचा, आंबवायचा आणि वाट्यांतून वाफवायचा. फणसाची सांदणं वेगळी, ही पांढरी. पूर्वी माडी घालून आंबवत, आता यीस्ट घालतात आणि त्याबद्दल अम्मी अजून कुरकुरते. अम्मीनं पहिला घाणा काढला आणि ही म्हणाली, ‘पुतो.’ त्यांच्याकडे अगदी अशाच तांदळाच्या वाफवलेल्या गोल वड्या करतात, वर किसलेलं खोबरं. अम्मीनं मला विचारलं, ‘काय बोलली ती?’ मी सांगितलं. अम्मी म्हणाली, ‘म्हंजे हिला येतात.’ दुसऱ्या घाण्याला तिनं स्वतः उठून जागा दिली. मला त्या चुलीपुढे जागा मिळायला बारा वर्षं लागली होती.

भाषेचं सांगायला हवं, कारण ती माझी भूक आहे. पोरगी आभार मानताना ‘सलामत’ म्हणते. अम्मीला पहिल्या दिवशी वाटलं, ही दुआ देते आहे. शब्द अरबीच, मलय बंदरांतून फिरत तिकडे पोचलेला. चेहऱ्याला ते ‘मुखा’ म्हणतात, शिक्षकाला ‘गुरो’, आणि गरिबाला ‘दुखा’. हे आपल्या संस्कृतातून गेलेले. ज्यानं दुःखाचा अर्थ गरिबी असा केला, तो व्यापारी होता की खलाशी, मला माहीत नाही, पण तो कोकणातला असावा असं मला उगाच वाटतं. त्यांच्या सर्वनामात तो आणि ती असा भेद नसतो, दोघांना एकच शब्द. त्यामुळे हिची मराठी ऐकण्यासारखी. ‘दादी आला’, ‘मामू गेली’. आमच्या दारात येणाऱ्या मच्छीवाल्या दादालाही तिनं एकदा ‘आली काय’ विचारलं. तो टोपली उतरवून हसत बसला.

मी काय करते, असं तिनं विचारलं. गोगटे-जोगळेकर कॉलेजातून मराठी घेऊन बी.ए. केलं, तेव्हापासून मी कविता लिहिते आहे. मुसलमान असून मराठीत कशी लिहिता, हा प्रश्न तेव्हापासून ऐकते आहे, तोही विचारणारे मराठीतच विचारतात. हिनं तसं काही विचारलं नाही. ‘कविता’ म्हटल्यावर पुतण्यानं तिला तिच्या भाषेतला शब्द सांगितला आणि ती उजळली. त्यांच्याकडे कवितेला ‘तुला’ म्हणतात. मंडळी, तीस-पस्तीस वर्षं मी जे करते आहे, त्याला इतकं नेमकं नाव मला कुणी दिलं नव्हतं. त्यानंतर रोज रात्री ती वहीकडे बोट दाखवून विचारायची, ‘फुफी, तुला?’ आणि मी म्हणायचे, ‘तुला.’

रत्नागिरीला पाहुणा आला की त्याला थिबा पॅलेस दाखवावाच लागतो. हिलाही नेलं. ब्रह्मदेशाचा राजा थिबा 1885 साली राज्य गमावून बसला आणि 1886 साली इंग्रजांनी त्याला इथे आणून ठेवलं. तीस वर्षं तो इथेच होता. वाडा 1910 साली बांधून झाला आणि 1916 साली राजा वारला. 1919 मध्ये कुटुंब ब्रह्मदेशाला परतलं. इथवर शाळेच्या सहलीत सांगतात. पुढचं जरा हळू आवाजात सांगतात. थोरल्या राजकन्येचं वाड्यावरच्या गोपाळ सावंत नावाच्या नोकरावर मन बसलं होतं. त्याला आधीची बायको होती. 1906 साली राजकन्येला मुलगी झाली, टुटू. राजकन्या लेकीला घेऊन रंगूनला गेली खरी, पण तिथे राहिली नाही. परत रत्नागिरीला आली. 1947 साली इथेच, हलाखीत, तिचा अंत झाला. टुटू मराठीच बोलायची, मराठी माणसाशी तिनं संसार केला आणि 2000 साली याच गावात वारली. आमच्या पिढीतल्या लोकांनी तिला पाहिलेलं आहे.

याला लोक प्रेमकथा म्हणतात. मला ती तेवढीच वाटत नाही. पोरगी वाड्याच्या गच्चीत उभी राहून भाट्याच्या खाडीकडे बघत होती. तिनं विचारलं, राजकन्या रंगूनला गेली तेव्हा हा माणूस तिच्याबरोबर गेला होता काय? सुट्टीला म्हणून तरी? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, ‘मग त्यानं तिचं घर कधी पाहिलंच नाही.’ मी कितीदा तो वाडा लोकांना दाखवला असेल. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. 2012 च्या डिसेंबरात म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन इथे थिबाच्या समाधीला येऊन गेले, तेव्हा पेपरात पानभर मजकूर आला होता. त्यातही नव्हता.

परदेशातून आलेल्या सुना आपल्या महाराष्ट्राला नव्या नाहीत. डॉ. गेल ऑम्वेट अमेरिकेतल्या मिनिआपोलिसच्या. 1976 साली भारत पाटणकरांशी त्यांचं लग्न झालं, 1983 साली त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं आणि सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात सासूबाई इंदूताईंच्या घरात त्या राहिल्या. 2021 च्या ऑगस्टमध्ये तिथेच त्यांनी देह ठेवला. आपण अशा बाईचं कौतुक करतो, आणि करायलाच हवं. पण त्यांची गोष्ट आयुष्यभराची आहे. आमची पोरगी चोवीस दिवसांची. तिला इथलं व्हायचं नव्हतं, तिकडचंही सोडायचं नव्हतं. वर्षातून एकदा मिळणारी रजा तिनं पहिल्यांदा आमच्याकडे खर्च केली होती, एवढंच.

ही रजा कशी खर्च होत होती, ते मला हळूहळू दिसायला लागलं. पहिल्या आठवड्यात मेजवान्या. दुसऱ्या आठवड्यात ती रविवारी चर्चला जायचं म्हणाली. पुतण्या अवघडला. अम्मी म्हणाली, ‘मग जा की. रिक्षा सांग.’ आणि मला बरोबर पाठवलं. परत आल्यावर अम्मीनं फक्त विचारलं, ‘तिकडं मुसलमान हायत काय?’ मी म्हटलं, आहेत, दक्षिणेला मिंदानाओ बेट आहे तिथे पुष्कळ. स्पेननं तीनशेवर वर्षं राज्य केलं म्हणून बाकीचा देश ख्रिस्ती झाला. ‘हां,’ अम्मी म्हणाली, ‘म्हंजे आपल्यासारकंच. कोण आलं त्याच्यावर.’

तिसऱ्या आठवड्यात सगळे वाट बघायला लागले. कुणाची, ते कुणी बोलत नव्हतं. माझा भाऊ येतो म्हणाला नव्हता, येत नाही असंही म्हणाला नव्हता. पुतण्या संध्याकाळी मांडवीला जाऊन बसायचा. ठरल्या दिवसांत भाऊ आला नाही तर रजा लांबवायची आणि बातांगासचे दिवस कमी करायचे, असं नवरा-बायकोत ठरलं होतं. पोरगी त्याला हो म्हणाली होती. रात्री व्हिडिओ कॉलवर तिची आई दिसायची. कोंबड्या, पत्र्याची पडवी, आणि पडवीत बसलेली एक बाई. एका रात्री पोरगी काहीतरी सांगत होती आणि आई नुसती मान हलवत होती. भाषा कळायची गरज नव्हती. अम्मी पलंगावरून ते बघत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी अम्मीनं मला माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढायला लावली. ती माझ्या दादीची. तळाशी कापडात गुंडाळलेला एक फोटो होता. तो मी लहानपणी एकदाच पाहिला होता आणि त्यासाठी चापट खाल्ली होती. फोटोत माझे दादा, काळी टोपी घातलेले, खुर्चीवर. बाजूला एक बर्मी बाई, केसात फूल, कमरेला लुंगीसारखं वस्त्र. तिच्या मांडीवर दोन-अडीच वर्षांची मुलगी.

आमच्या कोकणातले कितीतरी पुरुष रंगूनला होते. दुकानात, बंदरात, बोटींवर. इथे लग्नाची बायको, तिथे दुसरा संसार. हिंदी मुसलमान बाप आणि बर्मी आई यांच्या मुलांना तिकडे ‘झेरबादी’ असं स्वतंत्र नावच होतं, एवढी ती गोष्ट रुळलेली होती. केप टाऊनला गेलेल्या आमच्या कोकणी लोकांनीही तिथल्या मलाय बायकांशी लग्नं केली. आपली आखणी त्यांच्या घरी अजून शिजते. पण तिथल्या बायका सुट्टीला इथे आल्या असं मी फारसं ऐकलं नाही. पुरुष यायचा, मुलांना खेळणी आणायचा, छपराची कौलं बदलायचा, परत जायचा. 23 डिसेंबर 1941 ला रंगूनवर जपान्यांचे बॉम्ब पडले, 1942 च्या मार्चमध्ये शहर पडलं आणि लाखो हिंदी लोक चालत निघाले. दादा त्यात होते. घरी पोचले तेव्हा अंगात हाडंच होती. त्या दोघींचं काय झालं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि दादीनं कधी विचारलं नाही. मात्र फोटो फेकलाही नाही.

अम्मीनं फोटो पोरीच्या हातात दिला. मला म्हणाली, ‘सांग तिला.’ मी सांगितलं, मोडक्या इंग्रजीत, पुतण्यानं मदत केली. त्यालाही हे सगळं पहिल्यांदाच कळत होतं. पोरीनं फोटोतल्या बाईच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, ‘मुखा.’ मग विचारलं, हिचं नाव काय? अम्मी म्हणाली, ‘नाव कुणाला ठाव नाय. तुजी सासू म्हण. आजेसासू.’

आणि मग अम्मीनं तिला विचारलं, ‘तुजी आय वाट बगते ना गो?’ पोरीनं उत्तर दिलं नाही. अम्मी पुतण्याकडे वळली. ‘तिकिटं पुढं ढकलायची नायत. उलट मागं घे. हिला तिकडं जादा दिवस दे. आणि तू पण जा. नुसता पोचवायला नको. ऱ्हा तिथं.’ पुतण्या म्हणाला, ‘आणि अब्बा?’ अम्मी म्हणाली, ‘त्याची आय इथं हाय. त्याचं मी बगेन.’

तिकिटं बदलायला पैसे पडले. किती, ते अम्मीला सांगितलं नाही. मी फॉर्म सीवर लिहिलेला आकडा खोटा ठरला, चोवीसचे अठरा झाले, तर त्याचीही खबर द्यावी लागते की काय म्हणून मी चौकशी केली. चौकीवरचा हवालदार भला माणूस होता. म्हणाला, ‘बाई, लोक जास्त राहतात म्हणून आम्हाला त्रास. लवकर गेली तर चांगलंच की.’ त्याला काय सांगणार.

निघायच्या आदल्या दिवशी सामान बांधणं. वाळवलेली बिंबलं, आमसुलं, दोन पाकिटं सुका जवळा. जवळा तिच्या आईसाठी. तिकडे कैरी कोलंबीच्या खारट चटणीबरोबर खातात, त्यात तो चालेल असं पोरीचं म्हणणं. हापूस नेता येत नाही, कस्टमवाले फेकतात, म्हणून तिनं सकाळपासून पाच खाल्ले. अम्मीनं एक सांदणाची वाटी दिली, जुनी, पितळेची, कल्हई केलेली. सहाच्या संचातली एक. आता आमच्याकडे पाच राहिल्या आहेत आणि दर घाण्याला एक जागा रिकामी राहते. अम्मी त्यात चहाचा पेला ठेवून भागवते.

संध्याकाळच्या जनशताब्दीनं ती दोघं गेली. मी स्टेशनवर गेले होते. अम्मी आली नाही, तिला पायऱ्या चढवत नाहीत. रात्री अकराच्या सुमारास पुतण्याचा फोन आला. ठाण्याला उतरलो, म्हणाला. अब्बा फलाटावर उभे होते. डबा नंबर त्यांना कुणी सांगितला ते विचारलं, तर बोलले नाहीत. मी अम्मीकडे पाहिलं. ती कूस बदलून भिंतीकडे तोंड करून झोपली होती, किंवा झोपल्याचं दाखवत होती.

‘मग काय म्हणाले?’ मी विचारलं.

‘काही नाही. तिनं हात धरून कपाळाला लावला. त्यांना कळेना काय करायचं. मग त्यांनी तिची बॅग उचलली आणि चालायला लागले. आता टॅक्सीत आहोत. घरी नेतायत.’

भिंतीकडून अम्मीचा आवाज आला, ‘विचार त्यास्नी, जेवली काय पोरं.’